भंगारातला गिअरबॉक्स आणि घरचा कारागीर

जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ बसवून चालकाची क्लचच्या पेडलपासून सुटका केली, तेव्हापासून स्वयंचलित गिअरबॉक्स अमेरिकेतील सामान्य गृहस्थाच्या दारी आला. आणि जुन्या गाडीत त्याच्या दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीलाच जाऊन भिडत असल्यामुळे, मोडीत निघालेल्या गाडीचा गिअरबॉक्स आणून तो घरच्या अंगणात बदलण्याचा प्रघातही तेथे रुजला. या उद्योगाभोवती जमलेल्या समजुतींची शहानिशा करण्यासाठी शेव्हरोलेच्या पिकअपमधील ‘४एल६०-ई’ हा गिअरबॉक्स उदाहरणादाखल घेऊ.

गैरसमज: भंगारातल्या गाडीचा गिअरबॉक्सही निकामीच असणार.
वस्तुस्थिती: अनेक गाड्या भंगारात येतात त्या अपघातामुळे, आणि धडकेने जिचा सांगाडा वाकला तिचा गिअरबॉक्स आदल्या दिवसापर्यंत बिनतक्रार चालत असणे सर्वथा संभवनीय आहे. मात्र विक्रेत्याच्या तोंडी हवाल्यावर इतबार न ठेवता तेलाचा पॅन उतरवून पाहावा. त्यातील लोहचुंबकावर काजळीसारखा मऊ, करडा लेप असेल तर ती नित्याची झीज होय. परंतु बोटाला टोचणारा धातूचा कीस, तळाशी पितळी कण किंवा करपट वासाचे काळवंडलेले तेल आढळल्यास, किंमत कितीही माफक असो, सौदा सोडून द्यावा.

गैरसमज: नाव एक असले की कोणताही गिअरबॉक्स बसतो.
वस्तुस्थिती: ‘४एल६०-ई’ हे नाव १९९३ पासून कायम राहिले, तरी १९९५ मध्ये इंजिनची गती तेलाच्या द्वारे पुढे पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लचच्या विद्युत-नियंत्रणाची पद्धत बदलली, आणि १९९६ पासून ट्रकांकरिता इंजिनला जोडणारे घंटाकार कवच सुटे येऊ लागले. फोर-व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सचे मागचे टोकही निराळे असते. सबब वर्ष, इंजिन व संकेतांक आपल्या गाडीशी ताडून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

गैरसमज: जोडणीत फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवावी.
वस्तुस्थिती: हीच समजूत सर्वांत महागात पडते. टॉर्क कन्व्हर्टर हा जड, वाटोळा भाग गिअरबॉक्सवर चढवताना दोन्ही हातांनी फिरवत फिरवत आत दाबावा लागतो. प्रथम मधल्या शाफ्टचे दाते, मग त्याभोवतीच्या स्थिर नळीचे दाते आणि शेवटी पंपाच्या खाचा जुळतात, आणि दर जुळणीला तो ‘खट्’ असा बोदा आवाज करून थोडा आत सरकतो. घाईत असलेला माणूस शेवटच्या ‘खट्’ची वाट पाहत नाही, बोल्ट आवळतो आणि पंप फोडून बसतो. इंजिन व गिअरबॉक्स यांची कवचे केवळ हाताच्या जोराने एकमेकांस भिडली, कन्व्हर्टर बोटांनी मोकळा फिरला आणि इंजिनला जोडलेल्या ‘फ्लेक्सप्लेट’ या चकतीला टेकण्यासाठी तो तीन ते पाच मिलिमीटर पुढे ओढावा लागला, म्हणजे जोडणी बिनचूक झाली असे समजावे.

गैरसमज: गिअरबॉक्स बदलला की जुनी बाधा संपली.
वस्तुस्थिती: गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा कूलर रेडिएटरमध्येच बसवलेला असतो, आणि जुन्या गिअरबॉक्सच्या क्लचांचा व धातूचा भुगा त्यात दडून राहतो. कूलर आणि त्याच्या नळ्या स्वच्छ धुतल्या नाहीत किंवा बदलल्या नाहीत, तर तोच भुगा आणलेल्या गिअरबॉक्सच्याही झडपांत शिरतो.

गैरसमज: लाल दिसेल ते तेल चालते, आणि पातळी इंजिन बंद ठेवून पाहावी.
वस्तुस्थिती: या गिअरबॉक्सला डेक्स्रॉन प्रतीचे तेल लागते आणि त्याची पातळी गाडी सपाट जागी, ‘पार्क’मध्ये, इंजिन तापलेले व चालू असताना पाहावयाची असते. उलट होंडाच्या कित्येक गाड्यांत ती इंजिन बंद करूनच पाहतात. म्हणून ज्या त्या गाडीची पुस्तिका हाच येथे प्रमाणग्रंथ होय.

आता एक ताकीद. तेलासह सत्तर किलोंच्या घरात जाणारे हे धूड सांभाळायला गिअरबॉक्सचा खास जॅक आणि मदतीला दुसरा माणूस हवाच. गाडी भक्कम लोखंडी स्टँडांवर टेकवल्यावाचून, नुसत्या जॅकच्या भरवशावर, तिच्याखाली कोणीही शिरू नये. एवढी तजवीज होणार नसेल तर ते काम गॅरेजकडे सोपवावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.