सायलेन्सरची किंमत

शूटर खेळांत बंदुकीला जोडता येणाऱ्या सुट्या भागांना ‘अटॅचमेंट’ म्हणतात आणि त्यांचा समतोल साधणे म्हणजे प्रत्येक भागाच्या फायद्याला पुरेशी किंमत लावणे, जेणेकरून एखादा भाग सर्वांनाच अपरिहार्य वाटू नये. पबजी या खेळात ही किंमत जागेच्या टंचाईतून वसूल होते: नळीच्या टोकाला एकच भाग बसत असल्याने गोळीचा आवाज दडवणारा सप्रेसर घेतला, की ‘रिकॉइल’, म्हणजे झाडताना बंदुकीला बसणारा झटका, कमी करणाऱ्या कॉम्पेन्सेटरवर पाणी सोडावे लागते.

इन्फिनिटी वॉर्डच्या २०१९ मधील ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ने ‘गनस्मिथ’ पद्धतीत एका बंदुकीवर पाच भागांची मर्यादा घातली, शिवाय अनेक भागांना दंडही जोडला. तेथील मोनोलिथिक सप्रेसर आवाज दडवतो आणि मोठ्या नुकसानीचा पल्लाही वाढवतो. त्याबदल्यात ‘एडीएस’, म्हणजे बंदूक डोळ्यासमोर धरून नेम घेण्याची क्रिया, मंदावते. छोट्या नकाशावर, जिथे समोरासमोरच्या चकमकीत क्षणार्धात निकाल लागतो, हा दंड जड जातो. पण याच खेळाशी जोडलेल्या वॉरझोनच्या विस्तीर्ण मैदानात दूरच्या खेळाडूवर नेम धरणाऱ्याला तो जवळपास जाणवत नसे, आणि म्हणूनच हा सप्रेसर तिथे कित्येक बंदुकांवर ठरलेलाच दिसू लागला. दोष आकड्यांपेक्षा एकाच किमतीला दोन बाजार देण्यात होता.

‘मॉडर्न वॉरफेअर’च्या २०२२ मधील पुढच्या खेळात भागांचे वजन-लांबी बारकाईने बदलण्याची सोय आली. भागाची ठरलेली किंमत खेळाडूच्याच हाती देणारी ती सोय २०२३ च्या खेळात काढली गेली, हे बरेच झाले.