अंतराळातील प्रेमकथेत कुळाचे काय काम?

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला तीन गोष्टी जमायला हव्यात : भविष्यकाळात घडणाऱ्या प्रेमकथेत जुने कूळ का येते हे सांगणे, संदेशाला लागणारा वेळ व प्रवाशाचे वय यांचे साधे गणित करणे, आणि कथेतील कुळाचा नियम खरोखर कशासाठी आहे हे तपासणे. गणित अकरावीच्या पातळीपुढे जात नाही.

१. हा कथाप्रकार कोणता?

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कुळे आणि त्यांत सापडलेले प्रेमिक हा इंग्रजी कादंबऱ्यांचा जुना, लोकप्रिय विषय आहे. डायना गॅबाल्डन यांच्या १९९१ सालच्या ‘आउटलँडर’ या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धानंतरची एक परिचारिका अठराव्या शतकातील अशाच कुळात जाऊन पडते. तिथे नायिका भूतकाळात जाते. आपण पाहणार आहोत तो प्रकार उलट्या दिशेचा आहे : कूळच उचलून भविष्यात, दुसऱ्या ताऱ्यापाशी नेलेले असते. कुळप्रमुख, कुळाचे वस्त्र, जुने वैर, आणि दोन कुळांतील दोघांचे प्रेम.

याला प्रत्यक्षातला आधारही आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ मोहिमेत चंद्रावर उतरलेल्या ॲलन बीन यांनी आपल्या मॅकबीन कुळाच्या चौकड्याच्या कापडाचा एक तुकडा सोबत नेला होता.

अशी कथा वाचताना किंवा लिहिताना एक प्रश्न विचारा : कूळ काढून टाकले तर कथा मोडते का? मोडत नसेल तर कूळ हा नुसता पोशाख आहे.

२. ‘कूळ’ शब्दाचे दोन अर्थ

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘क्लान’ म्हणजे अपत्ये. पण कुळातले सगळे एका रक्ताचे नसत. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे, त्याचे नाव लावणारे आणि त्याच्यासाठी लढणारे लोकही कुळातच मोजले जात.

मराठी वाचकाला हे पटकन समजेल, कारण आपल्या शब्दात दोन्ही अर्थ आहेत. कूळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. पहिल्यावरून कुलदैवत आले, दुसऱ्यावरून कुळकायदा. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याची वाट खुली झाली. स्कॉटलंडमध्ये उलटे घडले. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरी कुळांचे बळ मोडले. पुढच्या काळात अनेक कुळप्रमुख निव्वळ जमीनदार झाले आणि मेंढ्या पाळण्यासाठी त्यांनी आपल्याच कुळातील लोकांना जमिनीवरून हुसकावले.

१७४६ च्याच कायद्याने डोंगरी पोशाखावर बंदी आली. ती १७८२ मध्ये उठली. अमुक कुळाचा अमुक चौकडा ही पद्धत मुख्यतः त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. म्हणजे जमीन सुटली आणि कापड घट्ट धरले गेले.

कुळाची आठवण जागा सोडल्यावरही टिकते, याचे उदाहरण बेंगळुरूतच आहे. येथील भावसार समाजातील अनेक कुटुंबे घरात मराठी बोलतात. रंगारी आणि शिंपी काम हा त्यांचा पारंपरिक व्यवसाय. त्यांची कुलदेवता हिंगलाज माता. तिचे मूळ स्थान आज पाकिस्तानातील बलुचिस्तानात आहे. तिथे जाणे बहुतेकांना शक्य नाही, तरी देवघरात नाव तेच आहे.

आता वसाहत दुसऱ्या ताऱ्यापाशी आहे असे समजा. तिथे जमिनीइतकीच हवेची मालकी महत्त्वाची. हवा तयार करणारे यंत्र प्रमुखाच्या ताब्यात असेल, तर बाकीचे सगळे हवेची कुळे झाले. नायिका प्रमुखाच्या वंशातली आणि नायक हवेचे कूळ, इतके ठरले की वैर वेगळे शोधावे लागत नाही.

३. हुकूम पोहोचायला किती वेळ?

संदेशाला लागणारा वेळ = अंतर ÷ प्रकाशाचा वेग. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणून संदेशाला सुमारे १.३ सेकंद लागतात.

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा एका बाजूचा संदेश पोहोचायला सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. बेंगळुरूजवळच्या ब्यालाळू येथे इस्रोचा ३२ मीटर व्यासाचा अँटेना आहे, पण कितीही मोठा अँटेना हा वेळ कमी करू शकत नाही. प्रश्न पाठवून उत्तर यायला पंचवीस मिनिटे. म्हणून इंजिन कधी सुरू करायचे, कधी थांबवायचे या आज्ञा यानात आधीच भरून ठेवल्या होत्या. ऐन वेळी यानाने आपले आपण काम केले.

कुलाचार हेही असेच असतात. घरापासून दूर गेलेल्यांना प्रत्येक वेळी वडीलधाऱ्यांना विचारता येत नाही, म्हणून आज्ञा आधीच भरून दिलेल्या असतात : लग्न कुठे करायचे, पाहुण्याशी कसे वागायचे, मेलेल्याचे काय करायचे.

व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. तिथल्या वसाहतीतील दोघांनी लग्नाची परवानगी मागितली, तर पृथ्वीवरील कुळप्रमुखाचे उत्तर १७.२ वर्षांनी येईल. उत्तर नकाराचे असले, तर तो नकार त्यांची मुले वाचतील. इतक्या अंतरावर खरा अडसर प्रमुखाचा नसतो, आधी भरलेल्या आज्ञेचा असतो, आणि ती आज्ञा प्रेमिकांच्या स्वतःच्याही मनात असते.

४. थोरले कोण, धाकटे कोण?

सोडवलेले उदाहरण. नायिका २४ वर्षांची. ती प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने व्याधापर्यंत जाऊन लगेच परत येते. मागे राहिलेला नायक २६ वर्षांचा, तिची धाकटी बहीण १८ वर्षांची. वेग वाढवण्या-कमी करण्याचा वेळ सोडून द्या.

पृथ्वीवरील काळ = १७.२ ÷ ०.८ = २१.५ वर्षे.
यानातील काळाचा गुणक = १ उणे (०.८ चा वर्ग) याचे वर्गमूळ = ०.३६ चे वर्गमूळ = ०.६.
यानातील काळ = २१.५ × ०.६ = १२.९ वर्षे.

परतल्यावर नायिका सुमारे ३७ वर्षांची, नायक साडेसत्तेचाळीस वर्षांचा आणि धाकटी बहीण साडेएकोणचाळीस वर्षांची. आता ताई कोण? मराठीत नात्याचे काही शब्दच थोरले-धाकटे पाहून ठरतात : दादा, ताई. कुळात मान, वारसा आणि आधी लग्न कोणाचे हेही त्यावरच ठरते. सापेक्षता सिद्धांत इथे थेट घरात येतो. जन्माचा क्रम मानायचा की जगलेली वर्षे, हे कुळाला ठरवावे लागेल.

५. नियम तपासून पाहा

लग्नाच्या नियमाला कधी खरे कारण असते. २०० माणसांनी वसाहत वसवली आणि बाहेरून कोणी आले नाही असे समजा. प्रत्येकाला २ पालक, ४ आजी-आजोबा, ८ पणजी-पणजोबा. आठ पिढ्या मागे २५६ जागा भरतात. माणसे तर २००च होती. म्हणजे तेव्हा प्रत्येकाच्या वंशावळीत एखादा तरी पूर्वज दोनदा येणारच. अशा ठिकाणी वंशावळीची वही आरोग्यासाठी गरजेची आहे.

पण वही प्रमुखाच्या हातात असते. ‘रक्त जवळचे आहे’ असे सांगून तो हवेच्या कुळाशी होणारे लग्न सहज मोडू शकतो. आपला १९५५ चा हिंदू विवाह कायदा वडिलांकडून पाचव्या आणि आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंतचे नाते वर्ज्य मानतो, तरीही रूढी असेल तिथे सूट देतो. महाराष्ट्र आणि कर्नाटकात अनेक घरांत मामेबहिणीशी लग्न होते. म्हणजे जवळचे रक्त चालवून घेणारी घरेही आहेत. त्यांतलीच काही परक्या जातीचे, रक्ताने अगदी दूरचे माणूस नाकारतात. तिथे कारण रक्त नाही, हे गणितच सांगते.

तुमच्यापैकी काहींसाठी हा प्रश्न कथेतला नाही, घरातला आहे. ‘आपल्या कुळात असे चालत नाही’ हे वाक्य ऐकले की विचारा : ही आज्ञा कोणत्या अंतरासाठी, कोणत्या संकटासाठी भरली होती? ते संकट अजून आहे का? की आता ती फक्त कोणाची मालकी राखते आहे? चांगली कथा हाच प्रश्न दोघा प्रेमिकांना विचारायला लावते. कुलदेवतेचे नाव आणि कापडाचा तुकडा ते सोबत नेतात. आज्ञा मात्र एकेक करून तपासतात.

स्वाध्याय

१. मंगळ पृथ्वीपासून ३० कोटी किलोमीटरवर असताना प्रश्न आणि उत्तर यांत किती मिनिटे जातील?

२. वरील उदाहरणात वेग ०.६ पट घ्या. धाकटी बहीण थोरली होते का?

३. वसाहतीत ६० माणसे असतील तर पूर्वज दोनदा येणे कितव्या पिढीत अटळ होईल?

४. घरातील एक कुलाचार निवडा. तो कशासाठी सुरू झाला असेल ते वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळींत लिहा.