रीमा लागू : बँकेच्या मस्टरपासून रुपेरी पडद्यापर्यंत

लखनौच्या आलमबाग परिसरात रेल्वेच्या वसाहती आहेत. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाखेत हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रीघ लागते. अशाच एका सकाळी माझ्या टेबलावरील नावाची पाटी वाचून एका वृद्ध ग्राहक भगिनींनी विचारले, ''आपण महाराष्ट्राचे का? मग 'तू तू मैं मैं'मधल्या सासूबाई तुमच्याकडच्याच ना?'' त्या सासूबाई, म्हणजे रीमा लागू, एके काळी बँकेत नोकरी करीत होत्या, असे मी सांगितले, तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना.

रीमाताईंचे माहेरचे नाव नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८ चा. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरील नावाजलेल्या अभिनेत्री. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत असतानाच नयनच्या अभिनयगुणांची चुणूक दिसू लागली. पुढे अभिनेते विवेक लागू यांच्याशी विवाह झाला आणि नयनची 'रीमा लागू' झाली. १९७९ मध्ये त्या मुंबईत युनियन बँक ऑफ इंडियाच्या सेवेत रुजू झाल्या. ही नोकरी त्यांनी सुमारे दहा वर्षे केली. आंतरबँक सांस्कृतिक कार्यक्रमांतही त्या हिरिरीने भाग घेत. बँकेची नोकरी सांभाळून कलेची उपासना करणाऱ्यांची मुंबईत मोठी परंपरा आहे. अमोल पालेकर हेही बँक ऑफ इंडियात होतेच.

या दहा वर्षांचा ताळेबंद मांडला तर आश्चर्य वाटते. गोविंद निहलानींचा 'आक्रोश' (१९८०), श्याम बेनेगल यांचा 'कलयुग' (१९८१), दूरदर्शनवरील 'खानदान' ही मालिका आणि 'कयामत से कयामत तक' (१९८८) ही सारी कामे याच काळातील. मराठी रंगभूमीवर जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये अत्याचाराविरुद्ध उभी राहणारी अंबिका त्यांनी साकारली, तर शेखर ताम्हाणे यांच्या 'सविता दामोदर परांजपे'मध्ये एकाच देहात दोन व्यक्तिमत्त्वे उभी केली. दरमहा हाती पडणाऱ्या वेतनाचा आधार असला, की कलावंताला पोटासाठी मिळेल ते काम स्वीकारावे लागत नाही, याची जाणीव आपल्या पेशातील प्रत्येकाला असेल.

१९८९ च्या अखेरीस 'मैंने प्यार किया' प्रदर्शित झाला आणि त्यांची कीर्ती देशभर पसरली. परंतु या यशाची किंमतही होती. सलमान खानची आई झालेल्या रीमाताई तेव्हा अवघ्या एकतीस वर्षांच्या होत्या. पडद्यावरील 'मुलगा' त्यांच्याहून साडेसात वर्षांनीच लहान! 'वास्तव'मध्ये (१९९९) तर ज्या संजय दत्तची आई त्यांनी रंगविली, तो त्यांच्यापेक्षा जेमतेम तेरा महिन्यांनी धाकटा. ज्या वयात समवयस्क नट नायक म्हणून मिरवत होते, त्या वयात हिंदी चित्रसृष्टीने या अभिनेत्रीला मातेच्या चौकटीत बसविले. त्या चौकटीतही त्यांनी एकसुरीपणा येऊ दिला नाही. 'मैंने प्यार किया'मधील सोशिक, हसतमुख आई आणि आपल्याच मुलावर गोळी झाडणारी 'वास्तव'मधील आई यांत केवढे अंतर आहे! साहाय्यक अभिनेत्रीच्या फिल्मफेअर पुरस्कारासाठी त्यांना चार वेळा नामांकन मिळाले. पुरस्काराने मात्र हुलकावणीच दिली.

चित्रपटाने जे दिले नाही, ते दूरचित्रवाणीने दिले. 'श्रीमान श्रीमती'मधील कोकिळा कुलकर्णी आणि सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'तू तू मैं मैं'मधील खट्याळ सासू देवकी यांतून त्यांच्यातील विनोदी अभिनेत्री घराघरांत पोहोचली. येथेही सून झालेल्या सुप्रिया पिळगांवकर यांच्याहून त्या नऊच वर्षांनी मोठ्या. पण विनोदाचे टायमिंग असे, की वयाचा हिशेब कोणी केलाच नाही.

१८ मे २०१७ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न. आदल्या दिवसापर्यंत त्या 'नामकरण' मालिकेच्या चित्रीकरणात मग्न होत्या. आपल्या सेवानियमांनुसार साठाव्या वर्षी निवृत्ती येते. त्या वयालाही त्या पोहोचल्या नाहीत.

आलमबागच्या त्या भगिनी दाखल्यावर सही करून जाताना म्हणाल्या, ''तुमच्यापैकी कोणी असे गाणारे, नाटक करणारे असेल, तर त्याला सोडू देऊ नका.'' टेबलावरील फायलींच्या ढिगाआड आपल्यातीलही एखादा कलावंत बसलेला असतो. संध्याकाळी तालमीला निघालेल्या अशा सहकाऱ्याचे उरलेले व्हाउचर कधी आपण पाहावे. रीमाताईंना याहून चांगली आदरांजली बँक परिवाराकडून कोणती असेल?