जिल्ह्यांच्या यादीत छत्रपती संभाजीनगर का सापडत नाही?

ऑनलाइन फॉर्ममध्ये राज्य 'महाराष्ट्र' निवडलं की जिल्ह्यांची यादी उघडते. छत्रपती संभाजीनगरचा माणूस इंग्रजी यादीत आधी 'सी'पाशी जातो, नाही सापडलं तर 'एस'पाशी. तिथेही नसेल तर पुन्हा वर 'ए'पाशी येतो आणि तिथे 'औरंगाबाद' दिसतं. काही अ‍ॅपमध्ये तर दोन्ही नावं असतात, जणू ते दोन वेगळे जिल्हेच आहेत. त्यातलं चुकीचं निवडलं की 'पत्ता जुळत नाही' असा लाल शेरा येतो आणि अर्ज तिथेच अडकतो.

नाव बदलावं की नाही, हा वाद वेगळा. पण सरकारदरबारी बदललेलं नाव मोबाइलच्या स्क्रीनपर्यंत पोहोचायला इतका वेळ का लागतो?

एक नाव, अनेक तारखा

पहिली अडचण म्हणजे हे नाव एका दिवसात बदललेलं नाही. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या मंत्रिमंडळाने 'संभाजीनगर' हे नाव मंजूर केलं. १६ जुलैला एकनाथ शिंदे सरकारने त्याआधी 'छत्रपती' जोडलं. केंद्राची मंजुरी यायची होती, तरीही त्याच महिन्यात गुगल मॅप्सवर नवं नाव झळकलं. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि जुनं नाव परत आलं.

केंद्राची मंजुरी मिळून शहराचं नाव बदललं ते २४ फेब्रुवारी २०२३ रोजी. जिल्हा, विभाग आणि तालुक्याची अंतिम अधिसूचना मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. म्हणजे मधले जवळपास सात महिने 'शहर: छत्रपती संभाजीनगर, जिल्हा: औरंगाबाद' असाच पत्ता कागदोपत्री बरोबर होता! त्या काळात कुणी आपली यादी 'अपडेट' केली असेल, तर ती अर्धीच झाली असणार. पुढे ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराविरोधातल्या याचिका फेटाळल्या. त्याच न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला मात्र अजूनही औरंगाबाद खंडपीठच म्हणतात.

कॉम्प्युटरला नाव नको, कोड हवा

नीट बांधलेल्या यंत्रणेत शहराची ओळख नावावर नसतेच, ती कोडवर असते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा कोड ५१५ आहे. इथल्या गाड्यांवर एमएच-२० असतं आणि शहराचा पिन ४३१००१ आहे. नाव ही फक्त वर लावलेली पाटी. कोड साठवलेला असेल तर पाटी एकाच ठिकाणी बदलावी लागते.

गोंधळ होतो तो नावच साठवणाऱ्या यंत्रणांमध्ये. अनेक अ‍ॅप कधीतरी घेतलेली जिल्ह्यांची यादी तशीच वापरत राहतात. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' ही कोडसह अधिकृत यादी आहे, पण खासगी कंपन्यांनी ती अमुक तारखेपर्यंत उतरवून घ्यावी, असं नामांतराच्या अधिसूचनेत काही नसतं. त्यामुळे बँकेच्या यादीत एक नाव, कुरियरच्या यादीत दुसरं. दोन यंत्रणा एकमेकींशी अक्षर-अक्षर जुळवायला बसल्या की माणसाला जे सहज कळतं, ते मशीनला कळत नाही.

त्यात स्पेलिंगचा घोळ. 'छत्रपती'त एच एक की दोन? 'संभाजी नगर' तोडून की जोडून? रोमन लिपीत औरंगाबादला १० अक्षरं लागायची. नव्या नावाला मधल्या रिकाम्या जागेसह २५ लागतात. रकान्यात २० अक्षरांचीच सोय असेल तर नाव मध्येच कापलं जातं. नुसतं 'संभाजीनगर' टाकावं, तर चिंचवडमध्येही संभाजीनगर आहे आणि कोल्हापुरात त्याच नावाचं बसस्थानक. 'औरंगाबाद' टाकावं, तर बिहारमधला जिल्हा समोर येतो. त्या शहराचा पिन ८२४१०१, म्हणजे पार्सल पार दुसऱ्या टोकाला.

रेल्वेचा कोड बदलला, विमानाचा नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचंही नाव बदललं आणि त्यासोबत कोडही. वर्षानुवर्षं पाठ असलेलं 'एडब्ल्यूबी' गेलं, 'सीपीएसएन' आलं. तिकीट काढताना सवयीने जुना कोड टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

चिकलठाणा विमानतळाचा कोड मात्र अजूनही 'आयएक्सयू'च आहे. विमानतळांचे हे तीन अक्षरी कोड जगभर वापरले जातात आणि शहराचं नाव बदललं म्हणून सहसा बदलत नाहीत. मुंबईचा कोड अजून 'बीओएम' आहे, तो बॉम्बेचाच. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा 'एलईडी' तर लेनिनग्राडच्या काळातला.

तोवर काय करायचं?

केवायसीच्या फॉर्ममध्ये जे कागदपत्र जोडणार, त्यावर जिल्ह्याचं जे नाव आहे तेच निवडावं. आधारवर जुनं नाव असेल आणि फॉर्ममध्ये नवं निवडलं, तर अर्ज अडकण्याची शक्यता जास्त. शोधताना दोन्ही नावं टाकून पाहावीत. सामान मागवताना आधी पिन टाकावा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये जिल्हा त्यावरून आपोआप येतो आणि तो जुन्या नावाने आला तरी डिलिव्हरी पिनवरच होते. यादीत दोन्ही नावं दिसत असतील तर निवडल्यावर राज्य महाराष्ट्रच आहे ना, हे एकदा तपासावं.

एवढं करूनही पैसे अडकले आणि कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना अडकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवावा. धाराशिव आणि अहिल्यानगरच्या लोकांनाही हाच अनुभव येत असेल, तर त्यांच्यासाठीही रस्ता हाच आहे.