गळके टॅपेट कव्हर आणि हलका हात



पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारताना जाणता गृहस्थ फुटलेल्या एका कौलाकडेही दुर्लक्ष करीत नाही. थेंबाथेंबाने झिरपणारे पाणीच अखेर वासा कुजवते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मात्र दारात उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनावर ऑइलचा ओघळ दिसला, की तोच गृहस्थ ‘जुनी गाडी आहे, थोडे गळायचेच’ असे म्हणून पुढे जातो. वस्तुतः ही गळती पुष्कळदा एका साध्या, स्वस्त पट्टीमुळे झालेली असते. पुस्तिकेत तिला व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट असे नाव असते. आपल्याकडील मेकॅनिक तिला टॅपेट कव्हरचे पॅकिंग म्हणतात. ती पट्टी बदलण्याचे काम घरच्या घरी होण्याजोगे आहे. त्याला फार बळ लागत नाही. लागते ती स्वच्छता, सबुरी आणि हलका हात.

उदाहरणादाखल ओम्नी गाडी घेऊ. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून ती रस्त्यावर आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही म्हाताऱ्याकोताऱ्यांना मिस्सेला नेणे, भाजी बाजारात पोहोचवणे, अडीनडीला आजाऱ्याला दवाखान्यात हलवणे, अशी कामे कित्येक घरांत ती अजून करते. तिचे तीन सिलिंडरचे, ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढल्या आसनांखाली बसवलेले असते. म्हणून ऑइल जळू लागले की त्याचा वास थेट माणसांच्या नाकाशी येतो. हा वास म्हणजे इंजिनाने वेळीच दिलेली सूचना समजावी.

पॅकिंगचे कार्य

इंजिनाच्या माथ्यावर हेड असते. त्यात कॅमशाफ्ट फिरते आणि व्हॉल्व्हांची उघडझाप करते. या भागांची झीज होऊ नये म्हणून पंप तेथे सतत ऑइल पोहोचवतो. ते ऑइल बाहेर उडू नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, यासाठी वरून झाकण घालतात. तेच टॅपेट कव्हर. झाकण आणि हेड या दोहोंमध्ये बुचाच्या लाकडाची अथवा रबराची जी पट्टी असते, ते पॅकिंग. इंजिन वर्षानुवर्षे तापते आणि निवते. त्यामुळे ही पट्टी कडक होते, तिची लवचिकता जाते, ती तडकते, आणि मग ऑइल वाट काढते.

गळती अल्प असली तरी तिचे परिणाम तीन प्रकारे वाढतात. पहिला, एक्झॉस्टच्या तापलेल्या नळावर ऑइल पडले तर धूर होतो आणि आग लागण्याचाही संभव असतो. दुसरा, ज्या इंजिनात रबरी टायमिंग पट्टा असतो, त्या पट्ट्याला ऑइल लागत राहिले तर तो लवकर खराब होतो. तिसरा आणि सर्वांत महाग पडणारा परिणाम असा, की ऑइलची पातळी नकळत खाली जाते, आतील बेअरिंगे कोरडी पडतात आणि सबंध इंजिन उतरवण्याची पाळी येते. फलकावरचा लाल दिवा ऑइलचा दाब घटल्यावर लागतो, पातळी घटल्यावर नव्हे. त्यामुळे त्याची वाट पाहणे धोक्याचे. दर आठवड्याला डिपस्टिक काढून पाहणे हीच खरी राखण.

आधी निदान, मग उपचार

ऑइल नेहमी खाली ओघळते, म्हणून जेथे ते दिसते तेथेच गळती असते असे नाही. थंड इंजिनाची बाहेरची बाजू फडक्याने स्वच्छ पुसून घ्यावी, गाडी दोन-तीन दिवस नेहमीप्रमाणे वापरावी आणि मग विजेरीच्या उजेडात ओलसरपणाचा सर्वांत वरचा काठ शोधावा. तो झाकणाच्या कडेशी असेल तर दोष पॅकिंगचा मानावा. त्याच्याही खाली, हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यात ओल असेल, तर ते हेड गॅस्केटचे मोठे काम होय आणि ते जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे. गाडीला गॅसचे किट असल्यास, अथवा झाकण काढण्यासाठी पेट्रोलची नळी सोडवावी लागत असल्यास, घरी हात घालू नये.

काम कसे करावे

आपल्या गाडीचे नेमके मॉडेल सांगून नवे पॅकिंग आधी आणून ठेवावे. काही इंजिनांत बोल्टांखाली रबरी वायसर असतात, तर काहींत प्लगच्या खाचांभोवती वेगळ्या रबरी कड्या असतात. त्या असतील तर त्याही सोबत घ्याव्यात. जुन्या कड्या तशाच ठेवल्यास एक गळती थांबते आणि दुसरी राहते.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा आणि इंजिन पूर्ण निवू द्यावे. सायंकाळी उभी केलेली गाडी सकाळी उघडणे उत्तम. बॅटरीचा ऋण टोकाचा तार सोडवावा. मग वाटेत येणारी हवेच्या फिल्टरची नळी, ब्रीदरची नळी आणि प्लगच्या तारा काढाव्यात. प्रत्येक तारेवर खुणेची चिठ्ठी बांधावी, म्हणजे परत लावताना गोंधळ होत नाही. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम द्यावे. त्यालाही क्रमाचे महत्त्व कळते. बोल्ट सोडवण्यापूर्वी झाकणावरील माती पुसून घ्यावी, नाहीतर ती सरळ इंजिनात पडेल.

बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून सैल करावेत. झाकण चिकटून बसले असेल तर लाकडी दांड्याने कडेला हलकेच ठोकावे. फटीत पेचकस घालून उचकटू नये. हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि त्यावर पडलेला एक ओरखडाही पुढे ऑइलला वाट करून देतो. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत राबणारे आपले बांधव हे पुरते जाणतात, की यंत्रकामात पृष्ठभागाची सफाई म्हणजे निम्मे काम.

जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे लाकडाच्या अथवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावेत. त्या वेळी हेडमधील उघड्या जागा स्वच्छ फडक्याने झाकाव्यात, आणि काम झाल्यावर ते फडके काढून घेण्याची आठवण ठेवावी. झाकण डिझेलने धुऊन पूर्ण कोरडे करावे. चुलीजवळ, विडी ओढत अथवा बंद खोलीत हे काम कधीही करू नये. दोन्ही कडा अशा कोरड्या व्हाव्यात, की बोट फिरवले तर ऑइलचा लवलेशही लागू नये.

नवे पॅकिंग झाकणाच्या खाचेत नीट बसवावे. त्याला कोठे पीळ पडलेला नसावा, ताण नसावा. सगळीकडे सिलिकॉनचा लेप फासण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती चुकीची आहे. जादा लेप आत सुटतो, त्याचे तुकडे ऑइलमध्ये मिसळतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. पुस्तिकेत सांगितले असेल तेवढ्याच कोपऱ्यांवर चिमूटभर लेप पुरे.

खरी परीक्षा आवळण्यात

बहुतेकांचे काम बिघडते ते येथे. गळती थांबवायची म्हणजे बोल्ट करकचून आवळायचा, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात त्याचा परिणाम उलटा होतो. अति आवळल्याने पॅकिंग चिरडून बाहेर येते, झाकणाची कड वाकते आणि दोन बोल्टांमधील भाग वर उचलला जाऊन तेथूनच ऑइल झिरपू लागते. त्याहून वाईट म्हणजे ॲल्युमिनियममधील आटे निघून येतात. मग पट्टीचे काम राहते बाजूला आणि हेडच दुरुस्तीला न्यावे लागते.

म्हणून सर्व बोल्ट प्रथम हाताने फिरवून बसवावेत. हाताने दोन-चार फेरे सहज फिरत नसतील तर बोल्ट तिरका गेला आहे असे समजून तो काढून पुन्हा लावावा. मग मधल्या बोल्टापासून आरंभ करून, समोरासमोरच्या बाजू साधत, कडेकडे जावे आणि हे दोन-तीन फेऱ्यांत करावे. हे बोल्ट बहुधा दहाच्या पान्याचे असतात. पुष्कळ गाड्यांत त्यांचा ताण अवघा ५ ते १० न्यूटन मीटर असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा आणि शक्य तर टॉर्क पाना मागून आणावा. पान्याच्या शेपटाला धरून सबंध दंडाचा जोर लावण्याचे हे ठिकाण नव्हे. साऱ्या बोल्टांवर ताण सारखा येणे, यातच या कामाचे सार आहे.

सर्व नळ्या आणि तारा परत लावून ऑइलची पातळी पाहावी. दहा-पंधरा मिनिटे इंजिन उघड्या जागेत सुरू ठेवावे. जुने सांडलेले ऑइल जळून प्रारंभी किंचित धूर दिसेल, परंतु तो हळूहळू थांबला पाहिजे. इंजिन निवल्यावर कडा पुन्हा तपासाव्यात, आणि आठवड्याने आणखी एकदा.

नवे पॅकिंग घालूनही गळती परत येत असेल, तर ब्रीदरची नळी तपासावी. इंजिनाच्या पोटात साचणारी वाफ आणि वायू या वाटेने निघून जातात. ती वाट काजळीने बुजली तर आतला दाब वाढतो आणि नवी पट्टीही टिकत नाही. काम संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. वापरलेले ऑइल विहिरीकाठी, ओढ्यात अथवा शेतात ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजला द्यावे.

१९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत जोसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. नाझरेथच्या त्या सुताराच्या घरी सांधा जोडण्याचे काम रोजचेच असावे. सांधा पक्का बसतो तो दोन्ही कडा साफ केल्याने आणि दाब सारखा ठेवल्याने, हे लाकडालाही लागू आहे आणि लोखंडालाही. संसारातही जेथे काही झिरपू लागते, तेथे आधी साचलेला मळ काढावा, कोंडलेल्या वाफेला वाट द्यावी, आणि एकालाच करकचून न आवळता सर्वांवर सारखा भार ठेवावा. एखाद्या मोकळ्या शनिवारी बापलेकांनी मिळून हे काम करावे. रविवारी म्हातारी माणसे निर्धास्तपणे गाडीत बसून मंदिरात जातील, आणि हाताने काम केल्याचे समाधान घरात राहील.