जठरातील फुगा : आधी औषधांचा डबा उघडा

गुडघेदुखीने त्रासलेल्या ज्येष्ठांना ‘शस्त्रक्रियेविना वजन घटवा’ ही जाहिरात आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. जठरात फुगा बसवताना पोट कापावे लागत नाही, हे खरे. सामान्यतः तोंडावाटे दुर्बीण घालून सिलिकॉनचा फुगा जठरात ठेवतात व त्यात ४०० ते ७०० मिलिलिटर निर्जंतुक सलाईन भरतात. जठरातील जागा व्यापली गेल्याने थोड्या जेवणातच तृप्ती होते. बहुतेक प्रकारांत सुमारे ६ महिन्यांनी फुगा दुर्बिणीनेच काढतात.

परंतु वाचकहो, हा निर्णय घेण्यापूर्वी घरातील औषधांचा डबा उघडून पाहा. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध त्यात आहे काय? फुगा जठराच्या अस्तराला सतत घासत असतो. त्यात या औषधांची भर पडल्यास व्रण व रक्तस्राव यांचा धोका वाढतो. म्हणजे ज्या गुडघ्यांसाठी फुगा हवासा वाटतो, त्यांच्याच गोळ्या त्याच्या आड येतात. हृदयात स्टेंट असल्यास अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. अशा रुग्णासाठी फुगा नाकारणे हाच बहुधा शहाणपणाचा निर्णय ठरतो. जठरावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असल्यास तर हा उपचार टाळतातच.

मधुमेह असल्यास आणखी एक सावधगिरी आवश्यक. आहार निम्मा झाला आणि इन्सुलिन वा गोळ्यांची मात्रा तीच राहिली, तर साखर घसरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. मात्रेविषयी आधीच डॉक्टरांशी बोलावे.

फुगा बसवलाच, तर काळजीवाहकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिले काही दिवस मळमळ व उलट्या होतात. पण घोटभर पाणीही टिकत नसेल, तर वृद्ध शरीर लवकर कोरडे पडते. अनेक फुग्यांत निळा रंग मिसळलेला असतो; लघवी निळी-हिरवी दिसल्यास फुगा गळतो आहे असे समजावे. रिकामा फुगा आतड्यात सरकून अडकू शकतो. लघवीचा रंग असा बदलला, शौच डांबरासारखे काळे झाले किंवा पोटात असह्य वेदना झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उतारवयात वजनाबरोबर स्नायूही झिजतात आणि तोल जातो. म्हणून वरण, ताक, पनीर वा अंडे यांतून प्रथिने घ्यावीत; खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज करावा. फुगा निघाल्यावर याच सवयी सोबत राहतात. फुगा न बसवणाऱ्यांनाही त्या तितक्याच उपयोगी आहेत.