रात्रीची साक्षीदार

घोरणं हा आपल्याकडे थट्टेचा विषय. लग्नघरी गाद्या घातल्या की 'यांच्या शेजारी कोण झोपणार?' यावरून हशा पिकतो. घोरणारा मात्र छातीठोकपणे सांगतो, 'मी कुठे घोरतो?' त्याचं म्हणणं खोटंही नसतं बरं का! झोपलेल्या माणसाला स्वतःची झोप दिसत नाही. ती दिसते त्याच्या बायकोला.

हे आज सांगायचं कारण वेगळं आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत माणूस असलेली घरं गावोगाव आहेत. अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' चिकटलेलं. अशा घरांतल्या बायकांशी बोलताना पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड, मुलांची फी हे विषय निघतातच. पण मध्येच एखादी जवळ सरकते आणि हळूच विचारते, 'ताई, ह्यांना झोपेच्या आजारामुळं कॅटेगरी लागलीय. आता बोर्ड होणार म्हणतात. नोकरी जाईल का हो?'

आधी आजार समजून घेऊ. डॉक्टर त्याला 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, काही सेकंद श्वास थांबतो आणि मग माणूस दचकून, धापा टाकत श्वास घेतो. त्याला जाग आल्याचं आठवतही नाही. सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, चिडचिड, विसरभोळेपणा. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. आपण म्हणतो, 'काय मेलं एवढं झोपायचं!' पण तो माणूस खरं तर झोपलेलाच नसतो.

निदानासाठी रात्रभराची तपासणी असते. अंगाला तारा लावून झोपवतात आणि तासाला किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला ते मोजतात. निदान १० सेकंदांचा अडथळा हिशेबात धरतात. तासाला ५ ते १५ वेळा म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० च्या वर म्हणजे तीव्र. उपचार आहेत. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची बाटली बंद करणं (कॅन्टीनची असली तरी!) आणि गरज असेल तर 'सीपॅप' नावाचं यंत्र. नाकावर मास्क लावून ते हवेचा दाब देतं आणि घसा उघडा ठेवतं. पण ते विजेवर चालतं. बर्फातल्या चौकीवर ते रोज रात्री कसं चालवायचं? शिवाय फार उंचावर धडधाकट माणसाचाही झोपेतला श्वास बिघडतो. म्हणून असा आजार निघाला की फौज 'ह्याला कुठे ठेवता येईल?' हे तपासते.

त्यालाच कॅटेगरी म्हणतात. मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे अशा पाच बाबींना गुण देतात. १ म्हणजे एकदम तंदुरुस्त, ५ म्हणजे सेवेला अयोग्य. मधल्या गुणांचे कितीतरी जवान जमेल ते काम करत नोकरी पुरी करतात. म्हणजे कॅटेगरी लागली की लगेच घरी पाठवतात, असं नाही. सुरुवातीला ती तात्पुरती असते, उपचारानंतर पुन्हा तपासतात, सुधारतेसुद्धा.

तरीही पुष्कळ जण आजार लपवतात. बढती अडेल, सोबतचे हसतील, ही भीती. बायकोलाही बजावून ठेवतात, 'कुठं बोलू नकोस.' पण विचार करा, तोच माणूस उद्या रात्री गाडी चालवणार आहे, हातात बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा राहणार आहे. १९५० च्या आर्मी ॲक्टप्रमाणे पहारेकऱ्यानं झोपणं हा गुन्हा आहे. आजाराची नोंदच नसेल तर ती डुलकी आजाराची होती की हलगर्जीपणाची, हे कोण सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण दुखण्याला लावू नये.

आता बोर्डाकडे वळू. निवृत्तीच्या वेळी कमी कॅटेगरी असेल तर 'रिलीज मेडिकल बोर्ड' बसतं. मुदतीआधीच आजारामुळे घरी पाठवायचं असेल तर 'इनव्हॅलिडिंग बोर्ड'. डॉक्टरांचं हे मंडळ मुख्यतः दोन गोष्टी लिहितं. अपंगत्व किती टक्के, आणि त्याचा सेवेशी संबंध काय. आजार सेवेमुळे झाला, सेवेमुळे बळावला, की संबंधच नाही? निवृत्तीनंतर अपंगत्वाचा लाभ हवा तर साधारणपणे निदान २० टक्के आणि सेवेशी संबंध, दोन्ही लागतं. खरी अडचण दुसऱ्या गोष्टीत येते. स्लीप ॲप्नियामागे वाढलेलं वजन, जाड मान, जबड्याची ठेवण अशीही कारणं असतात. त्यामुळे 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा पडू शकतो. पेन्शन मिळेलच, अशी खात्री कुणी देत असेल तर त्याच्यापासून दोन हात लांब राहा.

पण शेरा पडला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. धरमवीर सिंह नावाचे जवान १९८५ मध्ये भरती झाले. फिट येतात म्हणून १९९४ मध्ये त्यांना घरी पाठवलं. आजार प्रकृतीचा आहे, सेवेचा नाही, असं बोर्डाचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत असताना झाला असं धरून चाला. उलट म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं लिहावीत. या निकालाचा आधार पुढे पुष्कळांनी घेतला. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. आपल्या घरच्या माणसाची तारीख कोणत्या नियमांत बसते, हे आधी विचारून घ्यावं.

आणि आता आपलं काम. बोर्डाच्या अर्जात जवानाला स्वतःचं निवेदन द्यावं लागतं. कुठे कुठे पोस्टिंग होतं, त्रास कधी आणि कुठे सुरू झाला, कशामुळे वाढला. आता सांगा, झोपेतल्या त्रासाची तारीख तो कुठून सांगणार?

एका सुभेदारांच्या पत्नीची गोष्ट सांगते. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? सुभेदार म्हणाले, 'असेल वर्ष-दोन वर्षं.' वहिनींनी घरून भिंतीवरची जुनी कॅलेंडरं मागवली. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'रात्री श्वास अडकला, उठवलं.' पहिली नोंद निघाली चार वर्षांपूर्वीची, उंचावरच्या पोस्टिंगवरून ते पहिल्या सुट्टीला आले त्या आठवड्यातली. पेन्शनचं काय व्हायचं ते बोर्ड ठरवील. पण निवेदनात अंदाजाच्या जागी खरी तारीख तर आली!

तेव्हा मैत्रिणींनो, एक वही करा. सुट्टीवर आलेल्या दिवसांत काय दिसलं ते तारखेसह लिहा. श्वास किती वेळा थांबला, दचकून उठले का, जेवताना किंवा बोलता बोलता डोळा लागतो का. मोबाईलवर घोरण्याचा आवाज टिपून डॉक्टरांना ऐकवा. दिवसाची पेंग मोजायला डॉक्टर आठ प्रश्न विचारतात. टीव्ही बघताना, वाचताना, गाडीत बसल्यावर डुलकी लागते का, असे. प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि बेरीज १० च्या वर गेली तर पेंग जादा. तेव्हा शेजारी बसा. 'नाही हो, कधीतरीच' असं ते म्हणतील, तिथे खरं काय ते तुम्ही सांगा. मात्र वाढवून काही लिहू नका. एक खोटी ओळ दहा खऱ्या ओळींना बट्टा लावते.

बोर्डाच्या कागदांची प्रत मागून घ्या. दावा नाकारल्याचं पत्र आलं तर अपिलाची मुदत त्यात बघा, साधारण सहा महिने असते. पत्र कपाटात ठेवून रडत बसू नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. अपिलातही नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईतच आहे.

ह्यावेळी ते सुट्टीवरून परत निघतील तेव्हा काळ्या पेटीत लाडू-चिवड्याबरोबर त्या वहीची एक झेरॉक्सही ठेवा. मूळ वही मात्र आपल्यापाशीच असू द्या, पुढच्या सुट्टीसाठी.